दहा लाखांत दोन

२ ऑक्टोबर २००६, एर्लांगेन

पोहोचले एकदाची. मी पोहोचले, सामान पोहोचलं आणि लिंबाच्या लोणच्याची बरणीही न फुटता पोहोचली. म्हणजे आरंभ शुभ म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे आईबाप लेकीला वसतिगृहात सोडायला जातात. इथे लेकीने आईला सोडलं. मुक्ता हॅम्बर्गहून माझ्यासोबत गाडीने आली, खोलीतला हीटर वर-खाली करून पाहिला, घरमालकीण फ्राउ श्टूबर यांना हिच्याकडे जरा लक्ष ठेवा म्हणून सांगितलं, आणि निघताना मलाच खाऊ दिला. खाऊ म्हणजे नवा कोरा लॅपटॉप. विमानाच्या कारखान्यात नोकरीला लागून तिला जेमतेम महिना झालाय. पहिल्या पगारात आईला काय घ्यायचं तर हे. मी म्हटलं, साडी घ्यायचीस. तर म्हणाली, आई, तुझ्या पोथ्या साडीत उघडत नाहीत.

पडद्यावर तिने आमचा तिघांचा फोटो लावून दिलाय. गेल्या महिन्यात हॅम्बर्गच्या बंदरात फेरीबोटीवर काढलेला. डावीकडे मी, उजवीकडे चंद्रशेखर (‘अहों’ना वहीत तरी नावाने हाक मारू दे), मध्ये रेलिंगला टेकून मुक्ता. वाऱ्याने केस सगळे तोंडावर, आणि टिकली नेहमीप्रमाणे वाकडी. चोवीस वर्षांची झाली, एवढी विमानं जुळवते, टिकली मध्यभागी लावता येत नाही. स्टेशनवर मीच सरळ करून दिली. म्हणाली, तू जगाची प्रुफं तपासणं कधी थांबवणार?

आता चंद्रशेखर पुण्यात, मुक्ता हॅम्बर्गात, मी इथे. वर्षभर तीन दिशांना तीन डबे. रोजनिशी मात्र वहीतच लिहिणार. मासिकाला दरमहा ‘जर्मनीचं पत्र’ पाठवायचंय, त्यासाठी कच्चा माल.

५ ऑक्टोबर

काम सुरू झालं. एका संस्कृत हस्तलिखिताचे फोटो पडद्यावर वाचायचे आणि लेखनिकाने कुठे काय दुरुस्त केलंय ते नोंदवायचं. दुसऱ्याच्या चुका काढायच्या आणि वर मानधन मिळवायचं! मुक्ता म्हणते, ही नोकरी तुझ्या पत्रिकेतच होती.

जुने लेखनिक चुकलं तर खोडत नसत. खाडाखोड म्हणजे असभ्यपणा. पिवळा हरताळ उगाळून चुकलेल्या अक्षरावर फासायचा, वाळला की त्यावर बरोबर अक्षर लिहायचं. विषारी द्रव्य ते, म्हणून तिथे कसरही लागत नाही. खाली काय होतं ते वाचणाऱ्याला कळत नाही. ते माहीत फक्त फासणाऱ्याला.

प्रश्न असा की कागदही आता पिवळाच पडलाय. त्या पिवळ्यातून हा पिवळा वेगळा दिसायचा तर पडद्याचे रंग खरे हवेत. आमच्या प्राध्यापक हेलविगबाईंनी त्यासाठी एक यंत्र दिलंय. तीन पायांचं, कोळ्यासारखं. पडद्यावर मधोमध लटकवायचं, पडदा एकेक रंग दाखवतो, कोळी मोजतो, आणि पडदा किती खोटं बोलतोय ते सांगून त्याला सुधारतो. याला कॅलिब्रेशन म्हणतात. माझ्या भाषेत शुद्धीकरण.

७ ऑक्टोबर

पडद्यावर हळदीचा कण.

पदराने पुसला. गेला नाही. चष्म्याच्या फडक्याने पुसला. नाही. कण पडद्यावर नव्हता, पडद्याच्या आत होता. पांढऱ्या पानावर पिवळा, काळ्या पानावरही पिवळाच. आणि फोटो लावला की बरोबर मुक्ताच्या गालावर.

दुकानाच्या हॉटलाइनला फोन केला. हेर पेट्झोल्ड नावाचे सद्गृहस्थ भेटले. माझं जर्मन ऐकून घेतलं (हेच मोठं) आणि म्हणाले, आल्झो, म्हणजे ‘तर मग’, हा दोष नाहीच. माझा लॅपटॉप ‘पिक्सेलफेलरक्लासे दोन’मध्ये येतो. मला या भाषेचे समास आवडतात, लगेच विग्रह केला: पिक्सेलच्या दोषाचा वर्ग. षष्ठी तत्पुरुष. अर्थ मात्र असा निघाला की पडदा लाखो ठिपक्यांचा असतो, आणि दर दहा लाखांत दोन ठिपके कायमचे पेटलेले आणि दोन कायमचे विझलेले चालतात. नियमात बसतं.

मी विचारलं, चालतात म्हणजे कुणाला चालतात?

ते म्हणाले, गेनाऊ. म्हणजे ‘अगदी बरोबर’.

९ ऑक्टोबर

आजही राग उतरलेला नाही. दहा लाखांत दोन चालतात! खिचडीत खडा लागला तर आमच्याकडे रांधणारी खाली मान घालते. इथे रांधणारा छापील नियम दाखवतो की वाटीमागे दोन खडे मान्य आहेत, आणि तुमचा दात खड्यावर पडला हा तुमच्या दाताचा दोष.

मुक्ताला फोन केला. पोटभर हसली. मग म्हणाली, आई, दोन आठवड्यांच्या आत कारण न देता परत करता येतं, उद्याच डब्यात घालून पाठव. मी म्हटलं, कारण न देता का म्हणून? कारण आहे! त्यांनी चूक कबूल केली पाहिजे. ती म्हणाली, तुला लॅपटॉप हवाय की कबुलीजबाब? मी म्हटलं, कबुली. म्हणाली, धन्य आहेस, मग पडदा नको बघूस, पत्रं लिही.

लिहिलं पत्र. अडीच पानी. शब्दकोश घेऊन बसले होते.

१६ ऑक्टोबर

उत्तर आलं. चार ओळी. नियमात बसतं, कळावे.

कण वाढलाय. म्हणजे मला तसं वाटतं. परवा गालावर तीळ होता, आज कुणी पिवळं बोट टेकवल्यासारखं आहे. हेलविगबाईंना दाखवला, त्या म्हणाल्या, कुठे, मला काहीच दिसत नाही. फ्राउ श्टूबर यांना दाखवला. चष्मा पुसून पाहिलं आणि फोटोतल्या मुलीची टिकली वाकडी आहे एवढंच म्हणाल्या. अगदी खरं, पण मी ते विचारलं नव्हतं.

दोन आठवडे आज संपतात. मुक्ताचा सकाळी फोन: पाठवलास ना? नाही पाठवला. परत पाठवणं म्हणजे ते जिंकले. ती थोडी चिडली. दुकानाशी भांडून तू मलाच दमवतेस म्हणाली. संध्याकाळी पुन्हा फोन करून जेवलीस का विचारलं. आमच्याकडे माफी अशीच मागतात.

१९ ऑक्टोबर

जिंकले!

दुसरं पत्र आलं त्यांचं, पहिल्याचीच नक्कल, तारीख फक्त नवी. डोकं फिरलं. कोळी काढला. तो पडद्याच्या मध्यावर लटकवायचा, हेलविगबाईंनी दोनदा बजावलं होतं. मी म्हटलं, मध्य ठीकच आहे, रोग गालावर आहे. पडद्यावरची त्याची चौकट ओढत नेली आणि कोळी थेट त्या पिवळ्यावर टेकवला. मुक्ताच्या तोंडावर तीन पाय रोवून बसला. म्हटलं, घे, मोज आता, सांग काय चुकलंय ते.

मोजत राहिला. तांबडा, हिरवा, निळा, मग राखाडीच्या पायऱ्या. शेवटी पडद्याने विचारलं: दुरुस्ती मान्य? मी ‘या’ दाबलं, जर्मनमधलं ‘हो’. एवढ्या जोरात, की फ्राउ श्टूबर यांनी खालून काय पडलं म्हणून विचारलं.

हळदीचा कण गेला. साफ! कबुली मिळाली नाही तर नाही, या ऊर्मिलाबाईंनी पडदा सरळ केला. आता साखर-भात करते.

२० ऑक्टोबर

फोटोत आम्ही दोघंच आहोत.

डावीकडे मी, उजवीकडे चंद्रशेखर, मध्ये रेलिंग. रेलिंगचा तेवढा भाग गुळगुळीत, किंचित पिवळसर, पोथीत हरताळ वाळल्यावर कागद दिसतो तसा. माझा हात कुणाच्या तरी खांद्यावर असल्यासारखा हवेत.

फाइल बिघडली असेल म्हटलं. कॅलिब्रेशनच्या खिडकीत दोन बटणं असतात, ‘फोरहेर’ आणि ‘नाखहेर’, पूर्वी आणि नंतर. दुरुस्तीने काय फरक पडला ते दाखवायला. ‘पूर्वी’ दाबलं. मुक्ता उभी. गालावर पिवळा डाग, केस तोंडावर, टिकली वाकडी. ‘नंतर’ दाबलं. रेलिंग. पूर्वी, मुक्ता. नंतर, रेलिंग. दुपारभर हेच करत बसले.

तिला फोन लावला. हा क्रमांक अस्तित्वात नाही, असं एक बाई फार गोड आवाजात सांगत होती.

२१ ऑक्टोबर

पुण्याला फोन केला. अहो, मुक्ताचा फोन लागत नाहीये, तुम्हाला आला होता का? तर हे म्हणाले, कुणाचा?

मला वाटलं थट्टा. यांना थट्टा जमत नाही, लग्नापासून मला माहीत आहे, तरीही मी तेच वाटून घेतलं. म्हटलं, मुक्ताचा, तुमच्या लेकीचा. मग अगदी हळू, आजाऱ्याशी बोलतात तसं, म्हणाले, अगं ऊर्मिला, आपल्याला मूल नाही ते एवढ्या वर्षांत मी तुला कधी जाणवू दिलं का? तिथे एकटी पडलीस, म्हणून होतंय का असं?

मी ओरडले. आयुष्यात यांच्यावर एवढं ओरडले नव्हते. तिच्या खोलीत जा म्हटलं, कपाट उघडा. गेले बिचारे, फोन हातात धरून गेले. म्हणाले, ही तुझी वाचायची खोली, कपाटात तुझे कोश आहेत.

फोन ठेवला. थोड्या वेळाने यांचाच आला. जेवलीस का विचारलं.

२३ ऑक्टोबर, हॅम्बर्ग

पहाटेची गाडी धरून आले. तिच्या खोलीच्या दारावर कुणा दोघांची पोर्तुगीज नावं. तेही वर्षभरापासून. याच खोलीत गेल्या महिन्यात मी पोहे केले होते, चंद्रशेखर त्या खिडकीत उभे राहून बोटी मोजत होते.

वसतिगृहाच्या व्यवस्थापकाने यादी पाहिली, पुन्हा पाहिली. नाही म्हणाला. कारखान्याच्या दारावरही नाही. मी आवाज चढवला तेव्हा व्यवस्थापक खांदे उडवून म्हणाला, एवढे लोक येतात-जातात, एखादं नाव इकडेतिकडे होतं, हे चालायचंच.

चालायचंच.

परतीच्या गाडीत समोरच्या बाईने रुमाल पुढे केला. मी रडत नव्हते, रागाने थरथरत होते. पण तो फरक जर्मनमध्ये सांगता आला नाही. दहा लाखांत दोन चालतात म्हणे. माझी एकच होती.

२४ ऑक्टोबर

फ्राउ श्टूबर म्हणतात मी एकटीच आले होते. दोन बॅगा स्वतः ओढत. मुक्ता विसरून गेलेला लोकरीचा स्कार्फ दाराच्या खुंटीवर होता, तो त्यांनी धुऊन स्वतःच्या कपाटात ठेवला. म्हणाल्या, अहो, तो माझाच. रंग सांगा म्हटलं. सांगितला. बरोबर सांगितला.

पेट्झोल्डना फोन. माझी मुलगी परत द्या, असं जर्मनमध्ये म्हटलं. व्याकरण बिनचूक होतं. त्यांनी विचारलं, आल्झो, ठिपका गेला का? गेला म्हटलं. मग तक्रार मिटली, असं लिहून घेतो म्हणाले.

दुरुस्ती काढून टाकायचा प्रयत्न केला. फाइल पुसली. यंत्र बंद करून चालू केलं. फोटोत रेलिंगच. पण ‘पूर्वी’ अजून आहे. ‘पूर्वी’मध्ये ती अजून आहे.

फक्त फिकी झालीय. दर वेळी पाहिलं की जरा जास्तच. पाहायचं नाही ठरवलंय. आणि न पाहता —

२७ ऑक्टोबर

सगळ्यांना विसर पडला, मग मला का नाही? आज कामावर उमगलं. खाली काय होतं ते फक्त फासणाऱ्याला माहीत असतं. मी फासलं. ‘या’ मी दाबलं. पेट्झोल्ड नव्हे, दुकान नव्हे. त्यांनी फक्त एक ठिपका दिला, बाकी सगळं माझ्या शुद्धतेने केलं. दोन आठवडे होते. कारण न देता परत करता येत होतं. ती म्हणाली होती.

हा राग आता कुणावर काढू? पत्राला पत्ता माझाच.

३० ऑक्टोबर

‘पूर्वी’ एकदाच पाहिलं. नुसती कड उरलीय. केस, आणि टिकली.

३ नोव्हेंबर

पोथीत सापडलं. लेखनिकाने एकदा चुकून बरोबर शब्दावरच हरताळ फासला होता. वर दुसरा शब्द लिहिला, मग चूक कळली. त्याने काय केलं? खालचा शब्द खरवडून काढायला गेला नाही, कागद फाटला असता. त्याने आपल्या दुरुस्तीवरच हरताळ फासला, आणि तो वाळल्यावर मूळ शब्द त्या जागी पुन्हा उभा केला. चूक दुरुस्तीची होती, म्हणून दुरुस्ती गेली.

म्हणजे दुरुस्त करणाऱ्याला —

हेलविगबाईंनी विचारलं, फ्राउ ऊर्मिला, बरं नाही का? पान फार छान आहे, एवढंच म्हटलं मी.

४ नोव्हेंबर

यांना फोन केला. काही सांगितलं नाही. जेवलात का विचारलं. हो म्हणाले, आणि रडताना करतात तसं नाक ओढलं. म्हटलं, खोलीतले कोश उतरवून ठेवा, कपाट रिकामं करा, कुणाला तरी लागेल. बरं म्हणाले. का, ते विचारलं नाही. बत्तीस वर्षांत एकदाही विचारलं नाही या माणसाने.

साखर-भात पातेल्यात तसाच होता, बुरशी आलेला. टाकला. पातेलं घासून ठेवलं.

५ नोव्हेंबर, सकाळ

ऊन चांगलं आहे. खिडकीचा पडदा ओढला, कोळ्याला अंधार लागतो.

‘पूर्वी’ दाबलं. ती जवळजवळ नाहीच. डावीकडे मी, ठळक, जाडजूड, हसते आहे. सगळं ज्ञान असल्यासारखी. चौकट ओढून माझ्या तोंडावर आणली. कोळी टेकवला. तीन पाय.

तांबडा. हिरवा. वही मांडीवर आहे, लिहितेय —

निळा.

बोटांच्या पेरांना पिवळं लागलंय. हळद नाही. वास नाही.

भीती वाटत नाहीये, हे लिहून ठेवते. राग आहे अजून. दोघींत एक चालते म्हणे — नियमात —

राखाडी. राखाडी.

दुरुस्ती मान्य? ‘या’. हळूच दाबलं या वेळी.

नंतर

फ्राउ श्टूबर दारातून डोकावल्या. खोली रिकामी आहे का बघायला आल्यासारख्या. माझ्याकडे पाहिलं — माझ्याकडे नाही, खुर्चीकडे. खाली कुणाला तरी म्हणाल्या, मुलीचा स्कार्फ खुंटीला टांगून ठेवते, येईल ती न्यायला.

मुलीचा म्हणाल्या. कुठली मुलगी ते

फोन वाजतोय. उचलता येत नाही, हाताला पकडच — वाजू दे. पुण्याचा नंबर. पुण्यात कोण आहे माझं

पडद्यावर एक फोटो. बोट आहे, पाणी आहे. एक गृहस्थ, चांगले दिसतात, डोळे ओले असल्यासारखे. शेजारी एक मुलगी. डावीकडे रेलिंग, गुळगुळीत.

गोड आहे पोरगी. कुणाची बरं. केस सगळे तोंडावर. हिला कुणी सांगत नाही वाटतं — टिकली वाकडी लागलीय, एवढीशीच — कुणीतरी सरळ करायला हवी, थांब गं, हलू नकोस, मी —